शनिवार की रविवार? सासर-माहेरच्या मध्ये उभ्या असलेल्या एका ताईंना

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं माहेर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती, रविवारच्या उपासनेत वाढलेलं. लग्न सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरात झालं. तिथे शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो. नणंद म्हणते, रविवार बायबलमध्ये नाहीच, रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याची पूजा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घुसवली. आई म्हणते, शनिवारी गेलीस तर कृपा सोडून मोशेच्या नियमशास्त्राखाली गेलीस. तुम्ही रुग्णालयात परिचारिका, ड्युटी कधी शनिवारी लागते, कधी रविवारी. आणि सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, देवाचा वार कोणता?" तेव्हा तुम्ही गप्प राहिलात.

मी एकतीस वर्षं मराठी मंडळ्यांमध्ये पाळक होतो. आधी खेड्यांत, मग मुंबईत, आणि मध्ये दोन वर्षं आखाती देशातल्या आपल्या लोकांच्या मंडळीत. हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा आला आणि बहुतेक वेळा लग्नातूनच आला. मी रविवार पाळतो, आणि का पाळतो ते खाली सांगतोच. पण त्याआधी एक गाठ सोडवू या. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच दाव्याला बांधलेत. विसावा कधी घ्यायचा, हा एक. प्रभूच्या नावाने एकत्र कधी जमायचं, हा दुसरा. आज सुट्टी आणि चर्च एकाच दिवशी येतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांना तसं वाटत नव्हतं.

शब्बाथापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सासरच्या मंडळींचं म्हणणं खरंच वजनदार आहे आणि ते आपल्या लोकांनी नीट ऐकलेलं नसतं. सातवा दिवस म्हणजे शनिवार, याबद्दल वाद नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. मध्येच कुणी म्हणतं की कॅलेंडर बदललं तेव्हा वार घसरले असतील. तसं झालेलं नाही. १५८२ साली पोपने कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबर आली, पण वार शुक्रवारच आला. तारखा उडाल्या, आठवडा तुटला नाही. शिवाय यहुदी लोक देशोदेशी पांगले तरी सगळीकडे त्यांचा शब्बाथ एकाच दिवशी येतो. आपल्याच कोकणात पाहा. अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शेजारच्यांनी त्यांना नाव दिलं, शनवार तेली. बाकीच्या यहुद्यांशी त्यांचा संबंध शतकानुशतकं जवळजवळ तुटलेला होता, तरी वार चुकला नाही. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

शब्बाथाची आज्ञा, दहा आज्ञांतली चौथी, बायबलमध्ये दोन ठिकाणी येते आणि कारणं दोन दिलीत. निर्गमच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीचं: देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण आहे मिसरातल्या गुलामीचं: तू दास होतास, तुला देवाने बाहेर काढलं, म्हणून तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

नणंदेचा सगळ्यात बळकट मुद्दा कॉन्स्टंटाइनचा नाहीच. तो हा आहे: दहा आज्ञांतल्या नऊ तुम्ही पाळता, मग चौथी कुणाच्या परवानगीने सोडली? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून उत्तर देऊ नये. माझं उत्तर असं. चोरी, खून, व्यभिचार, मूर्तिपूजा, खोटी साक्ष, या सगळ्यांबद्दल प्रेषितांनी विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. शब्बाथ पाळा, असं मात्र एकाही पत्रात त्यांना सांगितलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत नेमका हाच विषय होता, विदेशी लोकांवर नियमशास्त्रातलं काय काय घालायचं. तिथल्या यादीतही शब्बाथ नाही. त्या मंडळ्यांत गुलाम पुष्कळ होते. शनिवारी काम थांबवणं बंधनकारक असतं तर धन्याच्या घरी त्यांचे काय हाल झाले असते, आणि प्रेषित पौलाने त्यावर चार ओळी तरी लिहिल्या नसत्या का? लिहिलं आहे ते उलट. रोमकरांस पत्रात तो म्हणतो, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. कलस्सैकरांस पत्रात सण, चंद्रदर्शन आणि शब्बाथ या बाबतींत कुणाला तुमचा न्याय करू देऊ नका, ही छाया आहे, शरीर ख्रिस्ताचं आहे, असं आहे.

ॲडव्हेंटिस्ट बांधव यावर म्हणतात की कलस्सैकरांतले शब्बाथ म्हणजे वर्षाच्या सणांचे विशेष शब्बाथ, आठवड्याचा नव्हे. मी हे गंभीरपणे तपासलं. पण सण, चंद्रदर्शन, शब्बाथ ही त्रयी जुन्या करारात बऱ्याच ठिकाणी येते, आणि तिथे क्रम वार्षिक, मासिक, साप्ताहिक असा किंवा नेमका याच्या उलट लागतो. सण आधीच सांगून झाल्यावर शेवटचा शब्द पुन्हा सणांसाठीच कसा असेल? म्हणून मला त्यांचं म्हणणं पटत नाही. तरी विचारपूर्वक ते तसं वाचतात, हे मी मान्य करतो.

आता रविवार. इथे मात्र आपल्या बाजूची एक चूक आधी कबूल करायला हवी. आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं की येशू उठला आणि शब्बाथ शनिवारचा रविवार झाला. असं कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. पौल शब्बाथ दिवशी सभास्थानात जाऊन बोलायचा, फिलिप्पैला शब्बाथ दिवशी नदीकाठी गेला आणि तिथे त्याला लुदिया भेटली. शब्बाथ शनिवारीच राहिला. त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी उगवलं.

चारही शुभवर्तमानं एका गोष्टीवर ठाम आहेत: कबर रिकामी सापडली ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी. त्याच संध्याकाळी बंद दारांच्या आत येशू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला. त्याच दिवशी अम्माऊसच्या वाटेवर तो दोघांबरोबर चालला आणि भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखलं. योहान सांगतो की आठ दिवसांनी, म्हणजे पुन्हा पहिल्याच दिवशी, तो थोमासाठी आला. मग त्रोवस नावाच्या शहरात पहिल्या दिवशी भाकर मोडायला लोक जमले. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. करिंथकरांना पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला ठेवायला सांगितलं. प्रकटीकरणात योहान म्हणतो, प्रभूच्या दिवशी मी आत्म्याने संचरित झालो.

यातल्या दोन गोष्टींत नणंदेला थोडा मान द्या. वर्गणीबद्दल "आपापल्याजवळ" असं आहे, म्हणजे ती घरीच ठेवायची असेल. त्यावरून चर्च भरत होतं असं सिद्ध होत नाही. आणि त्रोवसची रात्र यहुदी पद्धतीने मोजली तर ती आपली शनिवारची रात्र ठरते. नुसत्या या वचनांवर मी कुणाशी भांडणार नाही. पण त्यांच्यापुढे काय झालं ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने रोमच्या बादशहाला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडली. हा माणूस मूळचा शोमरोनचा, आजच्या नाब्लुसचा, आणि पुढे रोममध्ये विश्वासासाठी मारला गेला. तो लिहितो की सूर्याचा म्हणतात त्या दिवशी शहरांत आणि खेड्यांत राहणारे आमचे सगळे लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग पुढारी बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती त्यांच्याकडे पोचवला जातो. ज्यांची ऐपत आहे ते देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची सोय होते. हाच दिवस का, तर देवाने प्रकाश निर्माण केला तो पहिला दिवस आणि येशू उठला तोही हाच.

जस्टिनच्या आधी, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस हुतात्मा व्हायला रोमकडे नेला जात होता. वाटेत लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ख्रिस्ती लोक आता शब्बाथ न पाळता प्रभूच्या दिवसाला धरून जगतात. कॉन्स्टंटाइनचा हुकूम निघाला तो ७ मार्च ३२१ रोजी. जस्टिननंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. बादशहाने रविवारची उपासना सुरू केली नाही. जे लोक आधीपासून जमत होते त्यांच्या दिवसाला त्याने सरकारी सुट्टी दिली. तीही सगळ्यांना नाही. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांना सुट्टी, शेतकऱ्यांना मात्र पेरणीची वेळ हुकू नये म्हणून काम करायची मोकळीक. हुकमात "सूर्याचा पूज्य दिवस" असे शब्द आहेत हे खरं, आणि ते बादशहाच्या मनातलं बोलतात. ते मंडळीच्या मनातलं बोलत नाहीत.

नावाच्या मुद्द्यावर मराठी माणसाने तर अडकायलाच नको. रविवार रवीचा म्हणून टाकायचा असेल तर शनिवार कुणाचा? आपल्याकडे रविवार खंडोबाचाही आहे आणि शनिवार मारुतीचाही. वारांची नावं आपण ठेवली नाहीत, ती आपल्याला मिळाली. बायबलमध्ये वारांना नावं नाहीत, पहिला, दुसरा असे आकडे आहेत. रशियन भाषेत रविवारला जो शब्द आहे त्याचा अर्थच पुनरुत्थान. ग्रीकमध्ये प्रभूचा दिवस म्हणतात, गोव्यात ज्यांचं राज्य होतं त्या पोर्तुगिजांच्या भाषेतही तोच अर्थ. आणि त्याच ग्रीकमध्ये, त्याच पोर्तुगिजमध्ये शनिवारला आजही शब्बाथच म्हणतात. हे दोन शब्द शेजारी शेजारी टिकलेत, मला त्यात पुष्कळ काही दिसतं.

कारण शनिवारचा मान एकदम संपला नाही. पूर्वेकडच्या मंडळ्यांत कित्येक शतकं शनिवारीही उपासना होत होती. चौथ्या शतकात लावदिकिया इथल्या परिषदेने नियम केला की ख्रिस्ती माणसाने शब्बाथ दिवशी यहुद्यांसारखा विसावा घेऊ नये, काम करावं. लोक विसावा घेत होते म्हणूनच हा नियम करावा लागला ना? त्या नियमात यहुदी लोकांबद्दलचा जो आकस आहे तो मला बोचतो. रविवार पाळणाऱ्या आपल्या इतिहासाचा हा भाग आहे आणि तो लपवू नये. इथिओपियाच्या प्राचीन मंडळीत तर आजही दोन्ही दिवस पाळले जातात. पंधराव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या राजाने, जारा याकोबने, परिषद भरवून तो वाद मिटवला. म्हणजे शनिवारला मान देणारा माणूस ख्रिस्ताबाहेर गेला असं म्हणायला इतिहासात जागा नाही. ताई, आईला हे शांतपणे सांगा.

आईला आणखी एक सांगायचं आहे, जरा जपून. तिला जो रविवार मिळाला तो कुठून आला? आपल्या भागात सुवार्ता आणणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. ते प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या प्रोटेस्टंट, घराण्यांतले. त्यांच्या परंपरेत रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ, सगळ्या बंदीसकट. आमची आजी रविवारला शब्बाथच म्हणे. शनिवारी रात्री भाकऱ्या थापून ठेवायच्या, रविवारी दुकानातून काही आणायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. मी तिच्यावर टीका करत नाही, त्या घरात रविवारी जी शांतता असे ती मला पुन्हा कुठे मिळाली नाही. पण चौथ्या आज्ञेची सगळी बंधनं रविवारवर घालणारं घर शनिवार पाळणाऱ्याला "तू नियमशास्त्राखाली गेलास" असं कसं म्हणणार? सगळे प्रोटेस्टंट धर्मसुधारक तरी या बाबतीत एका मताचे कुठे होते? लूथरच्या लोकांनी १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीजबाबात स्पष्ट लिहिलं की रविवार पाळणं तारणासाठी आवश्यक आहे असं समजणं चूक आहे. लोकांना कधी जमायचं ते कळावं म्हणून दिवस ठरवला आहे. माझं मत याच्या जवळ जातं, फक्त मी एक जोडतो: तो दिवस कुठलातरी चिठ्ठी टाकून काढलेला नाही, प्रभू उठला म्हणून तो निवडला गेला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते.

पहिली जवळजवळ तीनशे वर्षं रविवार हा कामाचा दिवस होता. हे वाक्य मी प्रत्येक नोकरदार माणसाला सांगतो. गुलाम, हमाल, मोलकरणी पहाटे अंधारात किंवा रात्री काम आटोपून जमत. बिथुनिया या रोमन प्रांताच्या सुभेदाराने, प्लिनीने, ११२ च्या सुमारास बादशहाला कळवलं की हे लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. वार त्याने लिहिला नाही, वेळ लिहिली. सुट्टी नसताना उपासना होती. आपल्याकडची रविवारची सुट्टी तरी चर्चने कुठे मिळवली? नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी अनेक वर्षं झगडून ती १० जून १८९० रोजी पदरात पाडून घेतली. खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. तुमची आई ज्या सुट्टीत चर्चला जाते ती त्या कामगारांच्या कष्टाची आहे.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात बाजार रविवारी भरायचा. मंडळीतले बहुतेक शेतमजूर. आठवड्याची मजुरी बाजारच्या दिवशी हातात पडायची, मीठमिरची त्याच दिवशी घ्यायची. मी नवीन, कडक. सकाळी नऊला घंटा वाजवायचो आणि समोर सात म्हाताऱ्या. सहा महिने मी लोकांना अविश्वासू म्हणत राहिलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या पंचांपैकी एकाने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाळकसाहेब, दिवेलागणीला घ्या. लोक बाजारातून येतील तेव्हा हात रिकामे असतील." आम्ही उपासना संध्याकाळी घेऊ लागलो आणि प्रार्थनागृह भरलं.

आखातात तर वारच बदलला. तिथे तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. सगळ्या भाषांच्या मंडळ्या शुक्रवारीच जमायच्या, आमचीही. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथल्या मंडळ्या शनिवारी भरतात. त्यात ॲडव्हेंटिस्टांचा काही संबंध नाही. आपल्या वसई-मुंबईच्या कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरला जातो. आखातातल्या पहिल्या शुक्रवारी मी वेदीजवळ उभा राहिलो तेव्हा मला चोरट्यासारखं वाटलं. तिसऱ्या आठवड्याला ते गेलं. समोर बांधकामावरचे तरुण बसले होते, बारा बारा तास उन्हात काम करणारे, आणि मराठीत उपासना ऐकताना रडत होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की हा वार चालत नाही? मात्र रविवारी पहाटे साडेचारला, कामाची बस यायच्या आधी, आम्ही आठदहा जण दहा मिनिटं उभ्याने प्रार्थना करायचो. कुणी सांगितलं नव्हतं. प्रभू उठला तो दिवस कोरडा जाऊ नये असं आम्हाला वाटायचं.

आता तुमच्या घराबद्दल. नवऱ्याचा स्वभाव, सासऱ्यांचा हट्ट, ड्युटीचा तक्ता, हे तुम्हालाच ठाऊक, म्हणून तुम्ही बदल करून घ्या. पण मला विचारलंत तर असं वाटतं: शनिवारी सुट्टी असेल तेव्हा नवऱ्याबरोबर, मुलाला घेऊन, मोकळ्या मनाने जा. रविवार पाळणारा पाळक असून हे सांगतो, कारण एका घराने एका छताखाली बसून देवाचं वचन ऐकणं मला वारापेक्षा मोठं वाटतं. भीतीपोटी दोन्ही दिवस धावू नका. मी अशी घरं पाहिलीत, शनिवारी सासूसाठी, रविवारी आईसाठी. वर्षभरात ती बाई दोन्हीकडे नुसती हजेरी लावते. माहेरी गेलात की रविवारी आईच्या शेजारी बसा. ती उपासना तुमची आहे, ती कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

मर्यादा एकच. शनिवार पाळल्याशिवाय तारण नाही, किंवा तुझी आई हरवलेली आहे, असं कुणी म्हणू लागलं तर तिथे नम्रपणे पण स्पष्टपणे "नाही" म्हणा. रविवार पाळणाऱ्याला प्रकटीकरणातली श्वापदाची खूण, म्हणजे देवाविरुद्ध गेल्याची निशाणी, लागलीच, असं त्यांची अधिकृत शिकवणसुद्धा आज म्हणत नाही. ती ते भविष्यातल्या सक्तीच्या काळाशी जोडते. नणंद घाईने बोलत असेल तर तिच्याच पाळकांना विचारायला सांगा. सभासदत्व आणि बाप्तिस्मा हा स्वतंत्र विषय आहे. तुमचा बाप्तिस्मा लहानपणी झाला असेल तर तिकडे पुन्हा घ्यायला सांगतील. त्यावर घाईने सही करू नका, नवऱ्याशी आधी बोला.

ड्युटीचं ओझं तर मनावरून काढूनच टाका. शब्बाथ दिवशी मंदिरात याजक काम करायचे आणि निर्दोष ठरायचे, हे येशूनेच दाखवून दिलं. अठरा वर्षं कुबड घेऊन वाकलेल्या बाईला त्याने शब्बाथ दिवशीच सरळ केलं. ॲडव्हेंटिस्टांची स्वतःची रुग्णालयं आहेत आणि तिथे शनिवारीही परिचारिका लागतात. जस्टिनने लिहिलेलं आठवा: जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा पोचवला जात होता. मी मुंबईत असताना रात्रपाळीच्या लोकांना प्रभुभोजन त्यांच्या घरी नेऊन द्यायचो, कधी सकाळी आठला, डोळे मिटत असताना. तुमच्या पाळकांकडे ते मागा, ते पंथाने कोणतेही असोत. मागायला संकोच करू नका.

आणि अनुवादाचा पाचवा अध्याय, ज्याकडे परत येईन म्हणालो होतो. तुझ्यासारखाच तुझ्या दासीलाही विसावा मिळावा. आमच्या रविवारच्या घरांत काय चालतं? उपासनेहून येऊन पुरुष पेपर उघडतो आणि बाई मटण शिजवायला उभी राहते, कारण आज पाहुणे येणार. आठवड्यातला सगळ्यात दमवणारा दिवस तिच्या वाट्याला तोच. मी एकतीस वर्षं विसाव्यावर उपदेश दिले आणि माझ्या घरात हे पहिली पंधरा वर्षं चालू होतं. पत्नीने एकदा मला शांतपणे विचारलं, "तुमचा प्रभूचा दिवस, माझा कोणता?" त्या दिवसापासून रविवारी आमच्याकडे खिचडी, आणि भांडी मी घासतो. तुमच्या सासरी शुक्रवारीच स्वयंपाक उरकून ठेवायची रीत असेल, तर ती आपल्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. फक्त शुक्रवारचा तो स्वयंपाक कोण करतं, ड्युटीवरून आलेली तुम्ही एकटीच की सगळं घर, हे नवऱ्याला विचारा. माझ्या दृष्टीने चौथी आज्ञा तुमच्या घरात मोडते की पाळली जाते ते तिथे ठरतं.

राहिला मुलगा. त्याला वाद सांगू नका, गोष्ट सांगा. गालीलाहून येशूच्या मागे आलेल्या काही बायका होत्या. त्यांनी त्याला कबरेत ठेवलेलं पाहिलं, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि मग आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी स्वस्थ राहिल्या. सगळा शनिवार. येशूही त्या दिवशी कबरेत निजलेला होता. पहिल्या दिवशी अगदी पहाटे त्याच बायका ती द्रव्यं घेऊन निघाल्या आणि धोंड लोटलेली सापडली. सहा वर्षांच्या पोराला हे कळतं, मी सांगून पाहिलंय. "मग दोन्ही देवाचे?" असं त्याने विचारलं तर हो म्हणा. लूकचं शुभवर्तमान घ्या, तेविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या दोन वचनांपासून सुरू करा, आणि मध्ये अध्यायाचा आकडा बदलतो तिथे थांबू नका.